आई घरं बघायला गेली, बाबांना सरकी सापडली

आईला इंग्रजी येत नाही. तरी 'फिक्सर अप्पर' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाचा एखादा भाग तिला समजला नाही असं होत नाही. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की ती हॉलमध्ये येऊन बसते आणि मला म्हणते, "लाव त्या घरवाल्यांचं." घरवाले म्हणजे चिप आणि जोॲना गेन्स, टेक्सासातल्या वेको गावचं जोडपं. पडायला आलेलं घर शोधायचं, घेणाऱ्याला दाखवायचं आणि मग तेच घर आतून-बाहेरून उभं करून द्यायचं, एवढाच मामला. पहिला भाग २०१३ मध्ये आला आणि २०१८ पर्यंत पाच पर्वं झाली. चिप भिंती पाडतो, जोॲना काय ठेवायचं ते ठरवते. आईच्या मते खरं काम जोॲनाचंच.

एका प्रसंगाला आई नेहमी पुढे सरकून बसते. भिंतीवरचा जुना कागद आणि त्याखालचं कापड सोलून काढतात आणि आतून लाकडी फळ्या निघतात, त्या वेळी. शिपलॅप म्हणतात त्याला. जुन्या काळी तिकडे घर बांधताना सांगाड्यावर या फळ्या आडव्या ठोकत, एकीची कड दुसरीच्या खाचेत बसेल अशा. खरं तर ते झाकून टाकायचंच लाकूड. जोॲनानं ते उघडं ठेवलं, पांढरं रंगवलं आणि अमेरिकाभर लोक आपापल्या भिंती खरवडून बघायला लागले.

एकदा असाच भाग चालू असताना आई म्हणाली, "आपल्या घराची भित सोलली तं आतून काय निघन?"

मला काही बोलता आलं नाही. खामगावचं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. सागवानी खांब, पुढची ओसरी, माडीवर जायचा अंधारा जिना. आता माडी गळते, एका तुळईला वाळवी लागली आहे. दादाचं म्हणणं, दुरुस्तीत पैसा घालण्यापेक्षा पाडून नवं बांधू. त्याचं चुकतं असं मला कधीच वाटलं नाही, तिथे रोज राहणारा तो आहे. पण पाडायचं ठरत आलं होतं आणि आई-बाबा नेमके त्याच सुमारास सहा महिन्यांसाठी माझ्याकडे डॅलसला आले होते. आई त्याबद्दल फारसं बोलत नव्हती. रोज दुपारी दुसऱ्यांची घरं बघत होती.

म्हणून ठरवलं, तिला वेकोला न्यायचं.

आमच्याकडून वेको दीड तासावर. डॅलसहून ऑस्टिनकडे जाणारा आय-३५ धरायचा, साधारण निम्म्या वाटेवर गाव लागतं. आधी मी रविवार धरला होता. तिकडे जाऊन आलेल्या मैत्रिणीनं वेळेवर सांगितलं म्हणून बरं, गेन्स मंडळी वेकोतलं आपलं मॅग्नोलिया मार्केट हे दुकान रविवारी बंद ठेवतात. दुसरी गोष्टही तिनंच सांगितली: जाण्याआधी बेलर विद्यापीठाचं फुटबॉलचं वेळापत्रक बघायचं. शनिवारी घरच्या मैदानावर सामना असला की गावात पाय ठेवायला जागा नसते. सामना नसलेला ऑक्टोबरातला शनिवार निवडला. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतलं. बाबा "चला, तुमच्यासंगं येतो" म्हणत निघाले. त्यांना त्या कार्यक्रमात काडीचा रस नाही. तो लागला की ते पेपर घेऊन आतल्या खोलीत जातात.

हिल्सबरोपाशी डॅलस आणि फोर्टवर्थकडून येणारे दोन्ही रस्ते एक होतात. त्याच्या आसपास बाबा पहिल्यांदा खिडकीकडे वळले. बाहेर काळी जमीन होती. आपल्यासारखीच, भेगा पडलेली, पाणी धरून ठेवणारी. "ही तं कापसाची जमीन हाय," ते म्हणाले आणि मग वेको येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.

बाबांचं सगळं आयुष्य कापसात गेलं. कापूस पणन महासंघात ते ग्रेडर होते, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, सगळा कापूस सरकारच घ्यायचं त्या एकाधिकार खरेदीच्या दिवसांत. हंगामात रात्री अकराला घरी यायचे, केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव बसलेली. आई ओसरीतच थांबवून त्यांच्या अंगावर टॉवेल झटकायची. आमच्या घराला हंगामभर सरकीचा वास यायचा. तेलकट, थोडा आंबूस, गोठ्याच्या जवळचा.

वेकोत शिरलं की लांबूनच दोन कोठारं दिसतात. सुमारे १२० फूट उंच, पत्र्याची, गंजाचे ओघळ तसेच ठेवलेली. गेन्स दांपत्यानं ही पडीक जागा घेतली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे मॅग्नोलिया मार्केट सुरू केलं. मधे मोकळं अंगण, कडेनं खाण्याच्या गाड्या, एका बाजूला बेकरी, मोठ्या जुन्या इमारतीत मुख्य दुकान आणि या सगळ्यावर ती दोन कोठारं उभी. माणसं त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढत होती.

बाबा कोठारांकडे तोंड करून उभे राहिले. टोपी काढली. वर बघितलं, मग बुडाशी बघितलं, दोन्हींच्या मधल्या लोखंडी सांगाड्याकडे बघितलं.

"बेटा, हे सरकीचं कोठार हाय."

मला वाटलं अंदाजानं बोलत असतील, टेक्सासात धान्याची कोठारं जागोजाग दिसतात. फोन काढून शोधलं तर खरंच ही जागा ब्राझोस व्हॅली कॉटन ऑइल कंपनीची. १९१० ची कंपनी, सरकीचं तेल काढणारी. या कोठारांत सरकी भरून ठेवायचे. मी वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी मान हलवली, जशी बाजारात आपला भाव बरोबर निघाला की हलवतात.

आणि मग ते बोलायला लागले. गेल्या दोन महिन्यांत बोलले नव्हते एवढं. कापूस जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत गेला की रुई वेगळी आणि सरकी वेगळी. रुईच्या गाठी बांधल्या की त्या वर्षभर ठेवा, काही होत नाही. जीव असतो तो सरकीत. "वल्ली सरकी ढिगात राह्यली की आतून तापते. वरून थंड दिसते. हात घालून पाहा लागते." त्यांनी कोपरापर्यंत हात समोर नेऊन दाखवला, बोटं पसरून. आत ऊब लागली तर ढीग रातोरात पालटायचा, नाही तर तेल खराब होणार, ढेपेला वास येणार. एवढ्या उंच कोठारात तर हातही पोचणार नाही, म्हणजे हवा खेळवायची काही तरी सोय असलीच पाहिजे. ती सोय शोधायला ते कोठाराभोवती एक फेरी मारून आले. खालचं दार बंद होतं. त्यांनी पत्र्याला तळवा लावला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. ऊन चढलं होतं, पत्रा तापला होता.

शेजारून एक बाई हातात कपकेकचा खोका घेऊन गेल्या आणि त्यांच्याकडे बघून हसल्या. बाबाही हसले.

आई तोवर दुकानाच्या रांगेत होती. रांग लांब, पण भराभर पुढे सरकते. आत मेणबत्त्या, चिनीमातीची भांडी, कापसाच्या सुक्या डहाळ्यांचे हार, वेताच्या टोपल्या. आपल्याकडे पितळी डबे आणि पत्र्याच्या बादल्या भंगारात जातात, तशाच घाटाच्या बादल्या इथे नव्या करून मांडलेल्या. आईनं कशालाही हात लावून परत ठेवलं नाही असं झालं नाही, पण घेतलं फक्त एक लाकडी उलथणं. किमती जास्त आहेत, हे सांगायला हवं. दुकानातलं गणितही कार्यक्रमासारखंच आहे: कार्यक्रमात शेवटी जे सुंदर सामान मांडलेलं दिसतं ते घरमालकाला आपोआप मिळत नसे, ठेवून घ्यायचं तर वेगळे पैसे मोजावे लागत. हे कळल्यावर आई दोन मिनिटं गप्प झाली. मग म्हणाली, "सामान काहीही असो, भित तं त्याहीची सरळ झाली ना."

ज्यासाठी आलो ते आईला मिळालं अंगणाच्या मागच्या बाजूला. तिथे पांढऱ्या रंगाचं एक लहानसं लाकडी चर्च आहे, १८९४ चं. ते मुळात इथलं नव्हे, गावातच दुसरीकडे होतं. गेन्स दांपत्यानं ते घेतलं, तुकड्यातुकड्यांनी उतरवलं आणि इथे आणून पुन्हा जोडलं. आत बाकांवर बसता येतं. लाकडी छत, उंच खिडक्या आणि बाहेरचा सगळा गलका दाराशीच थांबलेला. आई पहिल्याच बाकावर बसली. बराच वेळ. तिचा हात बाकाच्या कडेवरून फिरत होता, जिथे माणसं उठता-बसता धरतात तिथे लाकूड गुळगुळीत होतं ना, नेमका तिथे. मी तिला सांगितलं की हे सगळं उतरवून आणलंय. तिला पटेना. तीन वेळा विचारलं, "सुटं करून?" हो, सुटं करून. "अन् पुन्हा जमलं?" समोर बसलीयेस की त्यात.

तिथून बाहेर आल्यावर तिनं दादाला फोन करायला लावला. खामगावात रात्र झाली होती. तो जेवून नुकताच आडवा झाला असणार. आई त्याला एवढंच म्हणाली, "घर पाड, मी नाही म्हनत नाही. पण ठेकेदाराले सांग, पुढचं दार अन् चौकट पह्यले सुटी करून काढ. खांबही. भंगारवाल्याले काही देजो नको." दादा आधी गप्प, मग म्हणाला, ठेवायचं कुठे एवढं सामान? आईकडे उत्तर तयार होतं. आत्याच्या गोठ्यात जागा आहे.

मला वाटतं, पाच पर्वं बघून तिनं जोॲनाकडून हीच एक गोष्ट उचलली होती, आणि ती उचलायला इंग्रजीची गरज नव्हती.

बेकरीच्या रांगेत मात्र आम्ही उभे राहिलो नाही. दोघंही अंडं खात नाहीत. लिंबू सरबत घेतलं, सावलीत बसून प्यायलो आणि डबा खायला नदीवर गेलो.

ब्राझोस नदीवर वेकोचा झुलता पूल आहे. १८७० मध्ये सुरू झाला. ४७५ फुटांचा मधला गाळा, दोन्ही काठांवर विटांचे भक्कम मनोरे. त्यावरून माणसांबरोबर गुरांचे कळपही जायचे, चिझम वाटेनं उत्तरेकडे हाकलेले, आणि प्रत्येक जनावरामागे पथकर लागायचा. आता फक्त पायी जायचा पूल आहे, अलीकडेच मोठी डागडुजी करून पुन्हा उघडलाय. आम्ही काठावर चादर पसरली. १८७० ऐकल्यावर बाबांनी धपाट्याचा घास हातातच धरला. "आपल्या खामगावची रेल्वेही सत्तरचीच."

ते खरं आहे. जलंबहून खामगावला येणारा फाटा आणि खामगावचा कापूस बाजार, दोन्हींचं उद्घाटन तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं १८७० साली केलं. त्यामागेही हाच मुलूख आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेकडचा कापूस बंदरांत अडकला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी राहिल्या आणि इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा वाटायला लागला. भाव असे चढले की मुंबईत शेअरचा बाजार वेडा झाला. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळले. पण तोवर आमच्याकडे रूळ पडायचे ठरले होते. शाळेत हे सगळं एका परिच्छेदात होतं. ब्राझोसच्या काठावर बसून दही खाताना मला ते पहिल्यांदा आमच्या घरातलं वाटलं. इकडचा कापूस अडला नसता तर कदाचित खामगावला तो बाजार नसता, बाबांची नोकरी नसती आणि आजोबांचं घरही.

आणखी एक गोष्ट मी बाबांना सांगितली, सांगू की नको असा विचार करून. नदीजवळच वेकोचं नगरभवन आहे. तिथे १९१६ मध्ये जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाला हजारो लोकांच्या जमावासमोर जिवंत जाळण्यात आलं. तो शेतमजूर होता, कापसाच्या शेतावर राबणारा. गावात त्याची आठवण सांगणारा फलक लागला तो २०२३ मध्ये, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेल्यावर. आम्ही तिथे गेलो. मी फलक वाचून मराठीत सांगितला. आईनं पदर तोंडाला लावला. बाबा हात मागे बांधून उभे राहिले. कोणीच काही बोललं नाही. ज्या कापसानं हे गाव श्रीमंत झालं तो वेचणारे हात कोणाचे होते, ते घरांच्या कार्यक्रमात येत नाही. वेकोला जाणाऱ्यानं कोठारांइतकाच वेळ इथेही द्यावा.

कार्यक्रमातली घरं बघायला मिळतील का, हे मला अनेकांनी विचारलंय. ती लोकांची राहती घरं आहेत, आत जाता येत नाही. काही भाड्यानं मिळतात, पण आधी बरंच आरक्षण करावं लागतं. आम्ही ऑस्टिन ॲव्हेन्यूवरून फक्त एक चक्कर मारली आणि कॉटनलँड कासल रस्त्यावरून बघितला. दगडी, बुरुजाचा, किल्ल्यासारखा. १८९० मध्ये सुरू केलेलं बांधकाम १९१३ मध्ये पुरं झालं आणि मधे कित्येक वर्षं ते अर्धवट पडून होतं. २०२२ मध्ये गेन्स दांपत्यानं त्याच्यावरच एक वेगळी छोटी मालिका केली. नावातला कापूस बाबांना मी दाखवला. पूर्वी या गावात कॉटन पॅलेस नावाचं मोठं प्रदर्शन भरायचं, १९१० पासून १९३० पर्यंत दरवर्षी, हेही सांगितलं. ते म्हणाले, मग आता कापूस कुठे आहे? दुकानातल्या हारांत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, जाताना बघू.

डॉ. पेपर नावाचं शीतपेय इथलंच, १८८५ मधलं, कोका-कोलाच्या एक वर्ष आधीचं. १९०६ च्या इमारतीत त्याचं संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर जा. आम्ही त्याऐवजी मॅमथ, म्हणजे हत्तीचे नामशेष झालेले भाऊबंद, बघायला गेलो. १९७८ मध्ये दोन तरुणांना नदीच्या बाजूला एक मोठं हाड सापडलं आणि खणता खणता मॅमथांचा अख्खा कळपच निघाला, माद्या आणि पिल्लं. आता छपराखाली, उंचावरच्या पुलावरून चालत, मातीत जशीच्या तशी ठेवलेली हाडं बघता येतात. तिकीट थोडं आहे आणि माहिती सांगणारा माणूस बरोबर येतो. आई तिथे रमली. पण पाच वाजत आले होते, बाबांचे गुडघे दुखायला लागले होते आणि मला अंधाराआधी परतायचं होतं.

परतताना मी मोठा रस्ता सोडून मुद्दाम आडव्या रस्त्यानं गाडी घातली. दहा-बारा मिनिटांत शेतं लागली. पाला झडलेली, कापून झालेली. एका बांधाशी कापसाचे मोठे गोल गठ्ठे ओळीनं ठेवलेले, पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. वेचणी यंत्रानंच होते आणि गठ्ठाही यंत्रच बांधून टाकतं. माणूस एकही दिसला नाही. शेतात शिरायचं नव्हतं, पण रस्त्याच्या कडेला गवतात कापूस अडकलेला होता, गाड्यांतून उडालेला. हंगामात खामगावच्या रस्त्यांवर बाभळींना अडकतो तसाच.

मी गाडी बाजूला घेतली. बाबा उतरले. वाकून त्यांनी गवतातून एक पुंजका काढला, काडीकचरा झटकला. मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात चिमूट धरून दुसऱ्या हातानं ओढली. अर्धी टाकून दिली, उरलेली पुन्हा धरली, पुन्हा ओढली. असं तीन-चारदा. शेवटी बोटांत सरळ, एकसारख्या तंतूंची बारीक चिमूट राहिली. ती त्यांनी शर्टाच्या काळ्या बाहीवर ठेवली आणि डोळे बारीक करून लांबी बघितली. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण बोटं अडखळली नाहीत.

"कसा आहे?"

"बरा हाय. कचरा लय हाय, मशीनचा. पण धागा चांगला हाय."

आईनं खिडकीतून हात बाहेर काढला. "इकडे आना. फेकू नका."

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईनं हातपाय धुतले, तो पुंजका ताटलीत घेतला आणि दिव्याखाली बसून एकेक सरकी सोडवून काढली. कापूस बोटांनी मोकळा केला, तळहातावर दूध-पाण्याचा थेंब घेऊन वळला. तीन वाती झाल्या. एक तिनं लगेच देवापुढे लावली, दोन डबीत ठेवल्या.

सरक्या निघाल्या पाच. बाबांनी एक दाताखाली फोडून बघितली आणि बाकीच्या चार खिडकीत वाटीत ठेवल्या.